स्ट्रोक्सटाउन ते ग्रोस-ईल : १,४९० माणसांचा हिशेब (थ्रेड)

१८४७ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउन येथून १,४९० माणसे पायी निघाली. डब्लिन तेथून सुमारे १६५ किलोमीटर. वाट रॉयल कालव्याच्या काठाने जाणारी. सगळे खरोखरच जहाजावर चढतात की नाही, हे पाहण्यासाठी जमीनदाराचा एक माणूस बरोबर दिलेला होता. ही सर्व माणसे त्याचीच कुळे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे पीक गेले. एखाददुसऱ्या एकरावर कुटुंबाला वर्षभर पोसू शकेल असे दुसरे पीक नव्हते. धान्य आणि जनावरे होती, पण ती विकून खंड भरायचा असे. दुष्काळातही ती इंग्लंडला जात राहिली, हे खरे. मात्र १८४७ मध्ये धान्याची आयात निर्यातीहून कितीतरी अधिक झाली, हेही तितकेच खरे. समाजमाध्यमांवर हा अर्धा भाग बहुधा गळतो. मका बंदरात उतरत होता, पण तो विकत घेण्यासाठी लागणारा पैसा भुकेल्यांच्या हाती नव्हता.

आता हिशेब. १८४३ च्या कायद्याने, वार्षिक ४ पौंडांहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीवरील गरीबकर कुळाऐवजी जमीनदाराने भरायचा होता. त्यामुळे कूळ जितके लहान, तितके ते जमीनदाराला जड. स्ट्रोक्सटाउनची जहागीर १८४५ मध्ये मेजर डेनिस महॉन याच्याकडे वारशाने आली, ती कर्ज आणि खंडाची थकबाकी घेऊनच. त्याचा नातलग आणि कारभारी जॉन रॉस महॉन याने आकडेमोड करून दाखवली : निराधार कुळांना वर्षभर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबगृहात, पोसण्याच्या खर्चाच्या साधारण निम्म्यात त्यांना कॅनडाला पाठवता येईल. महॉनने सुमारे ४ हजार पौंड खर्चून तो सल्ला मानला. या कागदांत क्रौर्याची भाषा शोधू गेल्यास ती फारशी सापडत नाही; सापडते ती काटकसरीची.

लंडनचे धोरणही याच दिशेचे होते. मदतीची सूत्रे हाती असलेला ट्रेझरीचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन याचे मत असे की, आयर्लंडच्या गरिबांचा भार आयर्लंडच्याच मालमत्तेने उचलावा. (हाच गृहस्थ आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन हिंदुस्थानात परतला.) १८४७ च्या जुलैत सरकारी सूपकेंद्रांतून रोज सुमारे ३० लाख लोक जेवत होते, सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा. शरद ऋतूपर्यंत ही केंद्रे बंद करण्यात आली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात ग्रेगरी कलम आले : पाव एकराहून, आपल्या मोजणीने १० गुंठ्यांहून, अधिक जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याला सार्वजनिक मदत नाही. जमीन सोडा, मग अन्न मागा.

स्ट्रोक्सटाउनची माणसे डब्लिनहून लिव्हरपूलला आणि तेथून क्वेबेककडे निघाली. कॅनडाच का? कॅनडाचे लाकूड ब्रिटनमध्ये उतरवून जहाजे रिकामी परतत. त्या रित्या तळघरांत माणसे भरणे म्हणजे वरकमाई. त्यातच अमेरिकेने प्रवासी जहाजांचे नियम कडक केल्याने तिकडचे भाडे वाढले होते. या दाटीत उवांवाटे टायफस पसरला. ‘व्हर्जिनियस’ जहाजावर ४७६ प्रवासी होते. त्यांपैकी १५८ वाटेतच मेले.

क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीत ग्रोस-ईल हे तेव्हा विलगीकरणाचे बेट होते. डॉ. जॉर्ज डग्लस यांच्या तेथील रुग्णालयात हंगामाच्या आरंभी जेमतेम २०० रुग्णांची सोय होती. मेअखेरीस सुमारे ४० जहाजे नदीत रांगेने उभी होती, आणि मेलेले व जिवंत एकाच तळघरात पडून होते. त्या एका वर्षात या बेटावर ५ हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. स्ट्रोक्सटाउनच्या १,४९० जणांपैकी निम्म्याच्या आसपास मेले असावेत, असा अंदाज आहे.

त्यांतलेच टाय हे कुटुंब. विधवा आई आणि पाच मुले ‘नाओमी’ जहाजावर चढली. वाचले फक्त बारा वर्षांचा डॅनियल आणि नऊ वर्षांची कॅथरीन. फ्रेंच बोलणाऱ्या कुलोम्ब कुटुंबाने त्यांना घरी नेले. त्यांना शेतीसाठी एक मुलगाच हवा होता. बहीणभाऊ एकमेकांना सोडेनात, तेव्हा त्यांनी दोघांनाही घेतले, अशी आठवण घराण्यात चालत आली आहे. आडनाव मात्र मुलांचेच राहिले.

इकडे २ नोव्हेंबर १८४७ रोजी, गरीबकायद्याच्या स्थानिक मंडळाच्या बैठकीहून परतताना महॉनवर गोळी झाडण्यात आली. तो ठार झाला. टेकड्यांवर आनंदाच्या होळ्या पेटल्याची वार्ता लंडनपर्यंत पोहोचली. पार्लमेंटने डिसेंबरात दडपशाहीचा नवा कायदा केला आणि पुढे दोघांना फाशी झाली. रॉस महॉनची कुळे काढण्याची मोहीम त्यानंतरही थांबली नाही. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली : अंदाजे १० लाख मेले, १० लाखांहून अधिक परदेशी गेले.

१९७९ मध्ये एका स्थानिक व्यावसायिकाने महॉनांचा वाडा विकत घेतला, तेव्हा आत जहागिरीचे दप्तर सापडले. त्यात १८४६ चा एक अर्जही होता : क्लूनाही येथील कुळांनी काम मिळावे म्हणून केलेला. त्यातूनच तेथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, १९९४ मध्ये. २०१३ मध्ये डॅनियलचा एक वंशज क्वेबेकहून स्ट्रोक्सटाउनला येऊन गेला. आता कालव्याकाठच्या त्या वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलाच्या बुटांची ब्राँझची जोडी बसवलेली आहे. मूळ जोड स्ट्रोक्सटाउन परिसरातल्या एका पडक्या घरात मिळाला होता, दोन्ही बूट एकत्र बांधलेले.