वकील-इ-मुतलक

उज्जयिनीत नानाखेड्याच्या मोटारतळावर उतरून महाकालाच्या दर्शनास निघालेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूस आपण शिंद्यांच्या जुन्या राजधानीत आहो, याचे भान क्वचितच असते. महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून. धनी एक व कर्ता दुसरा, ही त्या काळची रीतच होती. अशा कर्त्या पुरुषासाठी मराठी दप्तरांत शब्दही पुष्कळ: दिवाण, कारभारी, मुतालिक, नायब, वकील.

यांपैकी ‘वकील’ आज न्यायालयापुरता उरला आहे. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहून धन्याची बाजू मांडणारा. धन्याची आज्ञा हीच त्याची मर्यादा. पण या शब्दास ‘मुतलक’ हे अरबी विशेषण जडले की अर्थ पालटतो. मुतलक म्हणजे निर्बंध नसलेला. नाव दुसऱ्याचे, परंतु त्यास विचारण्याचे बंधन नाही, असा हा विलक्षण अधिकार!

१७८४ साली शाहआलम बादशहाने तो सवाई माधवराव पेशव्यांस दिला आणि महादजी शिंदे त्यांचे नायब झाले. पेशवे तेव्हा अवघे दहा वर्षांचे, आणि मुळात साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान. म्हणजे एका बालकाने दोन गाद्यांचे प्रतिनिधित्व करावयाचे आणि त्या प्रतिनिधीचा प्रतिनिधी उत्तरेत फौजेनिशी उभा! छत्रपतींच्या अनुमतीवाचून परक्या तख्ताचा मान घ्यावा कसा, हा पुण्यात निघालेला आक्षेप केवळ मत्सराचा म्हणता येणार नाही. जून १७९२ मध्ये महादजींनी पुण्यास थाटाचा दरबार भरवून बादशाही वस्त्रे पेशव्यांस अर्पण केली.

पदाचे खरे वजन मात्र त्यापूर्वीच कळून चुकले होते. १७८७ मध्ये लालसोटच्या संग्रामानंतर महादजींस मागे हटावे लागले. पुढल्याच वर्षी गुलाम कादिराने लाल किल्ल्यात बादशहाचे डोळे काढले. प्रतिनिधी सर्वाधिकारी, आणि धनी आंधळा! राणेखानाच्या फौजेने दिल्ली सोडविली, बादशहा पुन्हा तख्तावर बसला. पण त्याच्या खर्चाची तजवीजही आता प्रतिनिधीच्याच हाती होती.

१८०३ मध्ये जनरल लेकने दिल्ली घेतली, तेव्हा बादशहा इंग्रजांच्या आश्रयास गेला. कंपनीजवळ १७६५ पासून त्याच बादशहाने दिलेली बंगालची दिवाणी होतीच. आणि ‘दिवाण’ हाही शब्द दुसऱ्याच्या वतीने काम पाहणाराचाच.