ट्रॅक थांबत नाही

पुण्याच्या विश्रांतवाडीत गणेशोत्सवात एखाद्या मंडळाच्या मंचावर आता एकटा गायक उभा राहतो आणि पन्नास वाद्ये वाजू लागतात. वाद्ये त्याच्या मोबाइलमध्ये. मूळ गायकाचा आवाज वगळलेला, म्हणून 'मायनस ट्रॅक'. पैसे वाचतात, यात वादच नाही. पण गायक अंतरा विसरला, तर ढोलकीवाला एखादे आवर्तन जास्त वाजवून सांभाळून घ्यायचा. ट्रॅक पुढे निघून जातो.

त्याचे पूर्वज असे नव्हते. 1924 साली रोममध्ये ओत्तोरिनो रेस्पीगीच्या 'पाइन्स ऑफ रोम' या रचनेत वाद्यवृंद वाजत असतानाच ग्रामोफोनवर नाइटिंगेलची तबकडी लावली गेली. पाखराला ताल नव्हता. वादकांना त्याच्यामागे धावावे लागले नाही.

कराओकेची कुळकथा तर उलटीच. कोबे शहरात दाइसुके इनोउए बारमध्ये गाणाऱ्यांना साथ करत. एका उद्योजकाला त्यांच्याच साथीवर गाता यायचे, कारण ते त्याच्या लयीने चालत. त्याच्या सहलीला इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी त्याला पेलेल अशी टेप भरून दिली. 1971 साली त्यातून यंत्र आले. एकाच्या मापाने शिवलेला सदरा मग सगळ्यांनी घातला! पेटंट मात्र इनोउएंनी घेतले नाही.

त्याच वर्षी इंग्लंडच्या 'द हू' या बँडचे 'बाबा ओ'रायली' हे गाणे आले. यातले बाबा म्हणजे 1894 साली पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा. गीतकार पीट टाउन्सेंड त्यांचा भक्त. गाण्यातली ऑर्गनची फिरती नक्षी मंचावर टेपवरून वाजे आणि कीथ मूनसारखा बेफाम ड्रमर कानाला हेडफोन लावून निमूट तिच्यामागे चाले. ट्रॅकचा खरा बाप मला इथे दिसतो. 1973 साली न्यूकॅसलला टेपचा मेळ बसेना, तेव्हा टाउन्सेंडने भर कार्यक्रमात यंत्रांवरच राग काढला. पण टेप गेली नाही. आज कित्येक ड्रमरांच्या कानात प्रेक्षकांना न ऐकू येणारी टिकटिक चालू असते. तिला 'क्लिक' म्हणतात.

आषाढी वारीत माउलींची पालखी विश्रांतवाडीवरूनच पुण्यात येते. दिंडीची लय मात्र चालणाऱ्यांच्या पायांवर ठरते. गर्दी तुंबली की अभंग रेंगाळतो, वाट मोकळी झाली की टाळ-मृदंग चढतात. रस्त्याकडेच्या मांडवात त्याच वेळी स्पीकरवर ध्वनिमुद्रित अभंग लावलेला असतो. दिंडी समोरून जाईपर्यंत तरी तो बंद करायला काय हरकत आहे?