आपोआप म्हणजे काय?

वाचकहो, लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, केबल मोडेम पहिल्यांदा आला तो दिवस डोळ्यांपुढे आणा. केबलवाल्याने तारेचे टोक त्यात पिळून बसवले आणि बटण दाबले. दिवे लुकलुकले, थोड्या वेळाने स्थिर झाले आणि संगणक जगाशी जोडला गेला. खाटेवर बसलेल्या आजोबांनी विचारले, "अरे, याला हे सगळं सांगितलं कुणी?" केबलवाला म्हणाला, "आजोबा, ते आपोआप होतं!"

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या 'आपोआप' शब्दापाशी थोडे थांबावे. आपोआप घडणाऱ्या गोष्टीमागे बहुधा कुणीतरी आधी बसून घातलेले नियम असतात. इथेही तसेच आहे.

मुळात ही तार नुसती बोलणारी होती, ऐकणारी नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकल्या आणि व्हिडिओवरचे सिनेमे घरोघर पोचवले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ साली झी आली, आणि १९९५ साली केबलचा कायदा झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. पण ते टेलिफोनच्या तारेवरून. तोवर केबलच्या तारेतून फक्त खाली यायची वाट होती. घरातून वर जाणारे बोल तिला ठाऊकच नव्हते.

१९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना इंटरनेट देण्याची मुभा मिळाली, आणि नव्या शतकाच्या आरंभी मुंबईत केबलवरून इंटरनेट येऊ लागले. त्यासाठी वाटेवरचे अॅम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालणारे लागले. शिवाय हजारो मोडेमांनी एकाच तारेवर बोलायचे कसे, हाही प्रश्न होता. त्याची जी नियमावली अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केली, तिचे नाव डॉक्सिस.

आता पहा, त्या दोन-तीन मिनिटांत काय घडते ते. एखादा तरुण कोकणातून पहिल्यांदा गिरणगावात उतरावा, तसा हा मोडेम. जवळ काय, तर अंगावर कोरलेला कारखान्याचा क्रमांक. म्हणून तो आधी बोलत नाही, ऐकतो. एकेक लहर चाचपून कंट्रोल रूमचा आवाज शोधतो. त्या आवाजात घड्याळाचे ठोके असतात, आणि कुणी कोणत्या लहरीवर, कोणत्या क्षणी बोलायचे याचे वेळापत्रकही असते.

मग नवख्यांसाठी राखलेल्या क्षणात तो हलकेच हाक देतो. उत्तर नाही आले, तर थोडा थांबून, आवाज किंचित चढवून पुन्हा. उत्तर येते ते असे: इतके आधी बोल, इतक्या जोराने बोल. हे कशासाठी? गिरणीचा भोंगा सात वाजता होणार असेल, तर गेटासमोर राहणारा दहा मिनिटे आधी निघे आणि गिरगावात राहणाऱ्याला तासभर आधी निघावे लागे. पण पोचायचे दोघांनी एकाच वेळी. तसेच इथे. एक किलोमीटर तार ओलांडायला लहरीला सेकंदाचे सुमारे चार दशलक्षांश भाग लागतात. तेवढा हिशेब चुकला, तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यावर आदळते. म्हणून हे माप एकदा घेऊन भागत नाही; अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा घेतले जाते.

वेळ जमली, आता पत्ता हवा. पूर्वी कचेऱ्यांतून तंत्रज्ञ प्रत्येक संगणकापाशी बसून पत्त्याचे आकडे हाताने भरीत. ते काम यंत्रांवर सोपवणारा डीएचसीपी नावाचा नियम १९९३ साली आला. मोडेम विचारतो, "मला पत्ता कुणी देईल का?" त्याला पत्ता मिळतो, आणि सोबत एका फाइलचे नाव. ती फाइल मागवून तो वाचतो. तीत लिहिलेले असते, की या घराला वेग किती आणि किती संगणक चालतील. वाटेत कुणी खाडाखोड करू नये म्हणून तिच्यावर एक प्रकारची मोहोर असते. कंट्रोल रूम मोहोर तपासते, नोंद करते, आणि मगच दारे उघडतात.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर ते हे. मोडेम तुमच्या कपाटावर असतो, पण तो किती धावेल हे ठरवणारा कागद कंट्रोल रूममध्ये लिहिलेला असतो. पूर्वी पैसे थकले तर केबलवाल्याला जिना चढून यावे लागे. दारात दोन शब्द बोलणे होई, "पुढच्या आठवड्यात द्या" म्हणून तो परतेही. मोडेम आल्यावर दूर बसून एक ओळ बदलली, की काम झाले. सोय दोघांचीही झाली; पण दारातला तो संवाद गेला, आणि आपल्या घरातल्या वस्तूवर हुकूम कुणाचा, हे दिसेनासे झाले.

आता बऱ्याच घरांत त्या तारेच्या जागी काचेचा तंतू आला आहे. तरी तिथली डबीही आधी ऐकते, मग अंतर मोजून घेते, आणि आपला क्रमांक सांगून नोंद करवून घेते. तेव्हा दिवा लुकलुकत राहिला तर नुसते हताश होऊ नका. पहिलाच दिवा अडला, तर आवाज पोचलेला नाही, सांधा तपासा. दुसरा अडला, तर आपली हाक वर जात नाही. शेवटचा अडला, तर बहुधा नोंदीत काही राहिले आहे. कंट्रोल रूमला विचारा. आणि वेग कमी वाटला, तर आपल्या नावाच्या कागदावर काय लिहिले आहे, हेही जरूर विचारा. तेवढा हक्क तुमचा आहे.