उन्हाने छापलेले पुस्तक

कलाशाळेतली मुले आजही कॅमेऱ्याशिवाय निळे फोटो छापतात. झाडाचे पान, लेसचा तुकडा, जुन्या बाजारात सापडलेली कुणाची तरी निगेटिव्ह, काहीही चालते. ही रीत इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. पण तिचे पुस्तक केले एका बाईने, ॲना ॲटकिन्सने.

ॲनाबाई समुद्रातले शेवाळ जमवत. ओळखीचेही आणून देत. १८४१ साली शेवाळांवर एक पुस्तक निघाले होते, पण त्यात चित्रे नव्हती. नुसते वर्णन वाचून शेवाळ ओळखायचे कसे? मग बाईंनी कागदाला लोहाच्या क्षारांचे पाणी लावून तो अंधारात सुकवला. वर शेवाळ, त्यावर काच, आणि कागद उन्हात. नंतर साध्या पाण्यात धुतला की शेवाळाची जागा पांढरी, बाकी सगळा गर्द निळा. पुढे घरांचे नकाशे असेच छापू लागले, म्हणून तर 'ब्लू प्रिंट'!

१८४३ ते १८५३ हे काम चालले. प्रत्येक पान हाताने, मजकूरही त्यांच्याच अक्षरात. फोटोंची चित्रे असलेले हे जगातले पहिले पुस्तक मानतात.

प्रस्तावनेखाली सही मात्र फक्त 'ए. ए.' पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ लावला, 'अनामिक हौशी'. दहा वर्षांच्या कष्टाला हौस म्हणणे आम्हांला काही पटत नाही. आपल्या पापडांनाही लोक 'बायकांचा विरंगुळा' म्हणतातच की.

हर्शेलना दिलेली प्रत आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तिथल्या नोंदीत नाव पूर्ण लिहिले आहे: ॲना ॲटकिन्स.