पायडलाचं कूळ

सायकलच्या दुकानात 'पेडल' क्वचितच ऐकू येतं. तिथे ते 'पायडल'. हा अपभ्रंश मला फार जवळचा वाटतो, कारण तो नकळत मुळाशी जातो. इंग्रजी शब्दाच्या बुडाशी लॅटिन 'पेस' आहे, म्हणजे पाऊल. आणि आपला पाय संस्कृत 'पाद'मधून आला. दोघे एकाच घराण्यातले. आधी हा शब्द ऑर्गनच्या पायपट्टीचा होता, सायकलकडे तो फार उशिरा आला.

जर्मन संशोधक कार्ल द्राइसच्या 1817 सालच्या दुचाकीला पायडलच नव्हतं. जमिनीला पाय रेटत जायचं. 1860च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडलं बसली. पिएर लालमांला 1866मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं.

मग पाऊल घसरू नये म्हणून टो-क्लिप, म्हणजे बुटाचं टोक धरणारा पिंजरा, आणि चामडी पट्टा आला. पट्टा आवळला की जोर लागायचा खरा, पण तोल गेला तर आधी वाकून हातानं पट्टा सोडवायचा. 1971च्या चिनेल्ली एम-71 पायडलात पट्टा गेला, तरी बूट सुटायला हातानं खटका सरकवावा लागेच.

उत्तर सापडलं बर्फात. फ्रान्समधल्या नेव्हेरची 'लुक' कंपनी स्कीचे बंध बनवायची. पडताना पाय पिळला की बंध आपोआप सुटतो आणि हाड वाचतं. 1984मध्ये हीच युक्ती पायडलात आली: बुटाखालची क्लीट दाबली की अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते. 1985ची तूर द फ्रान्स बर्नार इनोनं याच पायडलांवर जिंकली. टो-क्लिप गेली, म्हणून नाव पडलं 'क्लिपलेस'. बूट मात्र अडकतोच, त्यामुळे नवखा हमखास गोंधळतो.

या क्लीटवर चालणं अवघड. शिमानो कंपनीनं 1990मध्ये एसपीडी पायडल आणलं, ते डोंगरवाटांसाठी. त्याची छोटी धातूची क्लीट तळव्याच्या खोबणीत बसते, म्हणून उतरून चालता येतं.

निवडताना मी एकच विचारते: पाय जमिनीवर किती वेळा टेकणार? दर सिग्नलला टेकणार असेल तर रुंद, सपाट पायडल घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. लांब पल्ला आणि मध्ये पायपीट असेल तर एसपीडी. निव्वळ शर्यतीला लुकसारखी मोठी क्लीट.

आणि बसवताना जपा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नाहीतर मारता मारता ते ढिलं होऊन निघेल. काढताना पाना वरच्या बाजूनं मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्हीकडे.