वैकुंठाच्या दारातून सापाच्या तोंडात

आधी पायातलं काढून ठेवा. पुढचे दोन दिवस अनवाणीच फिरायचंय. दगड गार लागताहेत ना? लागू देत. तासाभरात या गल्लीत एवढी माणसं होतील, की गारठ्याची आठवण काढाल.

तुम्ही श्रीरंगमला आहात. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला कोळ्ळिडम, मधल्या बेटावर रंगनाथाचं देऊळ. गाव देवळाशेजारी नाही, देवळातच आहे. एकात एक अशा सात तटांपैकी बाहेरच्या तटांमध्ये घरं, गोठे, विहिरी आणि भांडणंसुद्धा. साधारण २०० वर्षं मागे आलात. खात्री हवी असेल तर उजाडल्यावर दक्षिणेकडे बघा. फोटोत दिसणारं ७२ मीटरचं राजगोपुर तिथे नसेल. खालचं दगडी बांधकाम तेवढं आहे, तेही अर्धवट सोडलेलं. ते पुरं व्हायला १९८७ साल उजाडेल.

महिना मार्गळी. नाव ऐकून मार्गशीर्ष समजू नका. तमिळ महिना सूर्याबरोबर चालतो. सूर्य धनू राशीत शिरला की मार्गळी लागला आणि मकरेत गेला की संपला. म्हणजे आपला धुंधुरमास. आपल्याकडे आज्या या दिवसांत उजाडायच्या आत उठवून मुगाची गरम खिचडी वाढायच्या, वर लोण्याचा गोळा. इथेही तीच खिचडी, मिरे-जिरे घालून तुपात निथळणारी. नाव वेण पोंगल. तोंडाला पाणी सुटलं? गिळा. आज वैकुंठ एकादशी आहे.

महिना सूर्याचा असला तरी तिथी चंद्राचीच. त्यामुळे ही एकादशी मार्गळीत कधी पुढे, कधी मागे सरकते. आजही श्रीरंगमला दर १९ वर्षांनी ती आधीच्या कार्तिगै महिन्यात साजरी करतात, कारण तै महिन्याच्या उत्सवाशी गाठ पडते. पण हा हिशेब पंचांगवाल्यांवर सोडा आणि खाली बघून चाला! रांगोळीवर पाय देत होतात.

ओल्या सड्यावर एक मुलगी वाकून कोलम काढतेय. चिमटीतून तांदळाचं पीठ सुटतंय, ठिपक्यांना वळसे पडताहेत. मधोमध तिने शेणाचा गोळा ठेवला आणि त्यात भोपळ्याचं पिवळंधमक फूल खोचलं. मुंग्यांची रांग आत्ताच निघालीय. आज या गल्लीत तांदूळ खाणाऱ्या तेवढ्याच.

आता गर्दीत शिरा. उत्तरेच्या त्या बंद दरवाजाकडे सगळे निघालेत. त्याचं नाव परमपदवासल, वैकुंठाचं दार. एरवी ते बंद असतं. काल दशमीला देवाला मोहिनीचा साज होता; तो बघून माणसं घरी गेलीच नाहीत, इथेच उपरणी अंथरून पडली. अंधारात तुमचा पाय कुणाच्या तरी पोटावर पडतो, तो ‘रंगा!’ म्हणतो आणि कूस बदलतो. दिवट्या पेटल्यात. तेलाचा धूर डोळ्यांत जातो, डोक्यावर ठिणगी पडते का म्हणून तुम्ही मान आखडून घेता. समोरच्या बाईच्या अंबाड्यातला दवणा अगदी नाकाशी आलाय. मागच्या म्हातारबुवांचं कोपर तुमच्या बरगडीत रुतलंय आणि ते काढायचा त्यांचा विचार दिसत नाही. कुठेतरी एक मूल भुकेने रडतंय. लहानांना दूध-केळं मिळतं, त्यामुळे तुम्हाला त्याचा हेवा वाटतो.

आणि मग सगळं शांत होतं. एवढी हजारो माणसं, पण दिवटीचं तेल थेंबथेंब जळताना ऐकू यावं इतकी शांतता.

दार करकरतं.

नागस्वराचा सूर उसळतो, तविल छातीत वाजायला लागतो आणि ‘रंगा! रंगा!’ असा कल्लोळ होतो, की तुम्हीही ओरडताय हे तुम्हाला जरा उशिराच कळतं. नंपेरुमाळ आले. उत्सवमूर्तीला गावकरी याच नावाने हाक मारतात, ‘आमचे पेरुमाळ’. रत्नांची अंगी घातलेली मूर्ती, वर छत्री, खाली पालखीवाल्यांची डौलदार, झुलती चाल. ती अंगी हलली की दिवट्यांचा उजेड माणिक-पाचूंवरून सरसरत जातो. तुम्हाला किती दिसलं? दोन डोक्यांच्या फटीतून, एका श्वासापुरतं. पुरे. आता मागून लोंढा आला. तुमचे पाय जमिनीला लागलेले नाहीत, तरी तुम्ही पुढे सरकताय. उंबरा केव्हा ओलांडला, आठवतं? नाही ना? वैकुंठात शिरलात आणि लक्ष सगळं उपरणं सांभाळण्यात.

पुढे हजारखांबी मंडपात जरा मोकळी हवा मिळते. तळहातावर तीर्थ पडतं: तुळस आणि भीमसेनी कापूर. रिकाम्या पोटी ते घशातून पार खालपर्यंत गार रेघ ओढत जातं.

मग सुरू होतो खरा उपवास, म्हणजे दुपार. सकाळचं तेज ओसरतं आणि डोकं दुखायला लागतं. कॉफीचा वास शोधू नका. या घरांत कॉफी यायला अजून बराच काळ आहे. साबुदाण्याच्या खिचडीचं तर नावच काढू नका. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगणार? चित्तिरै वीथीतल्या ज्या घरी तुम्ही उतरलात तिथे चूल सारवून गार पडलीय. घरची पाटी, म्हणजे आजी, तुळशीच्या पाण्यावर आहे. एरवी दारात आलेल्या प्रत्येकाला ती ‘साप्टाच्चा?’ म्हणजे जेवलास का, असं विचारते. आज कुणी आलं की तिच्या तोंडाशी शब्द येतो आणि ती ओठ मिटून घेते. विचारता येत नाही आणि राहवतही नाही, अशी तिची गत.

रात्र पडली तरी झोपायचं नाही. पाटी एक रंगवलेलं कापड जमिनीवर पसरते. घरं, शिड्या, वळवळणारे साप आणि अगदी वर वैकुंठ. परमपदसोपानम. शेजारच्या ओट्यावर तंजावरहून बैलगाडी हाकत आलेलं मराठी बिऱ्हाड उतरलंय. सरफोजीराजांच्या दरबारात लेखणी चालवणारं घर असावं. त्यांची आजी डोकावते, डोळे बारीक करते आणि म्हणते, “अगो, हा तर मोक्षपट!” झालं, तीही मांडी ठोकून बसते.

सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे आणि चिंचोके. पितळी लांबट फासे फरशीवर खणखणतात. एक पडला की ‘दायम!’ अशी आरोळी, त्याशिवाय सोंगटी हलत नाही. दोन्ही आज्या अस्खलित तमिळमध्ये भांडतात. पण साप चावला की तंजावरच्या आजींच्या तोंडून शिवी मात्र मराठी. तुमचा चिंचोका बरा चाललाय. पहाटे वैकुंठाच्या दारातून आलेला माणूस तुम्ही, हे घर काय कठीण! फासे टाकता, चार घरं मोजता आणि सर्वांत लांब सापाच्या तोंडात जाता. पार तळाला. पाटी हसून हसून डोळे पुसते. सात-आठ वर्षांचा नातू तुमच्याकडे गंभीरपणे पाहत राहतो.

मधल्या कुठल्यातरी डावात तुम्ही खांबाला टेकून पेंगता, तिथेच तो खेळ मोडतो.

द्वादशीच्या पहाटे कावेरीत बुडी मारून येता तर घरभर फोडणीचा वास पसरलेला. आजवर एवढं काही चांगलं हुंगलं नसेल. केळीच्या पानावर आधी येते ती अगत्तिकीरै, ओलं खोबरं घातलेली कडवट पालेभाजी. ओळखलीत? हादगा! आपण त्याची फुलं खातो, इथे उपास त्याच्या पाल्याने सुटतो. बाजूला आवळ्याची दह्यातली पच्चडी, मग वाफाळता भात. आवळ्यावर पाण्याचा घोट घ्या, गोड लागेल. पाटी समोर उभी राहून तुमचा घास तोंडात जाईपर्यंत बघते आणि मग कालपासून अडकलेला प्रश्न एकदाचा विचारते.

तुम्ही भरल्या तोंडाने मान हलवता. कोपऱ्यात रात्रीचं कापड तसंच पसरलेलं आहे. सापाच्या शेपटाशी पडलेला तुमचा चिंचोका तिथे नाही. तो वैकुंठाच्या अलीकडच्या घरात बसलाय. नातू छताच्या वाशांकडे बघत जोरजोरात भात चावतोय.