बोगनवेल आणि बोरघाट

लोणावळें-खंडाळ्याच्या बंगल्यांच्या फाटकांवर उन्हाळ्यांत जांभळा-किरमिजी रंग उधळणारी बोगनवेल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या नांवांतील 'बोगन' या शब्दास मराठींत अर्थ नाहीं. बूगेंव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या नांवाचा शेवट मराठी कानांनीं 'वेल' असा ऐकला आणि परकें नांव घरचें होऊन बसलें.

बूगेंव्हिलची पृथ्वीप्रदक्षिणा १७६६ ते १७६९ या काळांत झाली. त्याच्या ताफ्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों यानें १७६७ सालीं ब्राझीलमधील रिओ येथें ही वेल मिळविली व आपल्या नायकाचें नांव तिला दिलें. परंतु कोमेर्सोंच्या पायास व्रण होता. डोंगर चढून वनस्पति गोळा करण्याचें कष्ट त्याचा नोकर उपशी. हा नोकर म्हणजे पुरुषवेषांतील झान बारे ही स्त्री होय. कारण फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांस मज्जाव असे. ही वेल प्रथम तिच्याच हातीं लागली असावी, असें कांहीं अभ्यासकांचें अनुमान आहे. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. पण एका वनस्पतीस तिचें नांव मिळावयास २०१२ साल उजाडावें लागलें.

ज्या लोहमार्गानें लोणावळें मुंबईकरांच्या आटोक्यांत आणलें, त्याची कथाहि अशीच आहे. बोरघाटाचें कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं हिंदुस्थानांत येतांच थोड्या दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट सोडलें नाहीं. अनुभवी एंजिनीअर नेमून तिनें काम पुढें नेलें, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट गाडीस खुला झाला. तेथें राबलेल्या हजारों मजुरांचीं नांवें तर सांगणाराहि कोणी नाहीं.

गाडीमागून बंगले आले, बागा आल्या. मावळच्या मुसळधार पावसांत बोगनवेल पानांनींच भरते. रंग हवा असेल तर भरपूर ऊन हवें आणि पाण्याचा हात आखडता हवा. मुळांशीं पाणी तुंबूं देऊं नये. बहर ओसरला कीं छाटणी करावी. जून फांदीचें छाट कलम लावलें तरी ती धरते. कांट्यांमुळें तिचें कुंपण गुरें सहसा मोडीत नाहींत. सुवास नसल्यानें वेणींत मात्र तिला क्वचितच स्थान मिळतें.

ज्यांस लोक तिचीं फुलें म्हणतात, तीं वस्तुतः रंगीत पानेंच होत. खरें फूल त्यांच्या आड असतें. इवलेंसें, पांढरट, नळीसारखें. रंग पाहून पुढें जाणारानें तेंहि एकदां वांकून पाहावें.